मायच्या हाताची विरी

माय भाकरी थापायला बसली की हैदराबादच्या आमच्या काचीगुड्याच्या घरात दोनच आवाज उरत. एक परातीवरचा, थप थप थप, आणि दुसरा स्टेशनाकडून येणाऱ्या शिट्टीचा. गाड्या उशिरा येत, मायची भाकरी कधी उशिरा आली नाही. जवारी गावाकडून यायची, पोत्यातून, नांदेडच्या बाजूने कुणी ना कुणी येणार असायचंच. दळण कोपऱ्यावरच्या गफूरभाईंच्या चक्कीत. चुलीची जागा गॅसने घेतली होती, पण थापण्यात काही बदललं नव्हतं. बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, वाकायचं ते फक्त बोटांच्या बुडाशी, आणि परातीत भाकरी आपोआप फिरल्यासारखी गोल फिरे. पुढे शरीररचनेच्या पुस्तकात हाताची हीच ठेवण मला चित्रात दिसली, खाली लांबलचक लॅटिन नावं. तळहाताच्या हाडांमधल्या बारक्या स्नायूंचं हेच काम, बोटं जुळवणं, फाकवणं, बुडाशी वाकवून टोकं ताठ ठेवणं. एवढ्या मोठ्या ग्रंथात भाकरीचा उल्लेख कुठे नव्हता. मला त्याचाही राग आला होता. रागाच्या बाबतीत मी तेव्हापासूनच हात आखडता घेतलेला नाही.

मायचा उजवा हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला कललेला होता. लहानपणी ती लिंबाच्या झाडावरून पडली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. घागर घेऊन चालली की ती थोडी लांब धरल्यासारखी दिसायची. दादा, म्हणजे माझे वडील, तिला थट्टेने "वाकड्या हाताची" म्हणत आणि ती म्हणे, "हात वाकडा हाय, भाकर तर गोल हाय नं?" आणि भाकरी खरोखरच गोल असे. समोरच्या घरातल्या शकुंतलाकाकू उदगीरकडच्या शेतकरी घराण्यातल्या. त्यांच्या गावी त्यांच्या सासूने आमच्या सावलीलाही हरकत घेतली असती, पण हैदराबादेत काकू खट्टी दाळीचं पातेलं घेऊन यायच्या आणि बदल्यात मायच्या भाकऱ्या न्यायच्या. "विशाखाच्या मायची भाकर खाल्ली की गावची आठवण येते," असं म्हणत. मायला ते शब्द फार मोलाचे वाटत. ती त्यांच्यासाठी निवडून पातळ भाकरी काढी.

मग भाकरी तडकायला लागली. आधी कडेला बारीक भेगा, मग उचलतानाच तुकडा. थापलेल्या भाकरीवर बोटांचे वेगवेगळे वळ दिसू लागले, पूर्वी जिथे एकसारखा हात फिरायचा तिथे फटी पडत होत्या. आता मागे वळून बघते तर वाटतं, आजाराचं निदान परातीत लिहिल्यासारखं स्पष्ट होतं. पण आमच्या लोकांना भाकरी तडकली की एकच कारण सुचतं, पिठाला विरी नाही. विरी म्हणजे जवारीच्या पिठाचा चिकटपणा, पीठ जुनं झालं की तो जातो. हाताची विरी जाते हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. माय पीठ बदलत राहिली. गरम पाण्यात मळून पाहिलं, आधणाचं पाणी घालून पाहिलं, दुसऱ्या पोत्यातली जवारी काढली. शेवटी ती मला घेऊन चक्कीवर भांडायला गेली.

"माझ्या जवारीत काय मिसळलं तुम्ही? तांदळावर दळून दिली का?"

गफूरभाई पिठाने पांढरे झालेले, पट्ट्याच्या फटफटीत ओरडून बोलायची सवय. "क्या मिलाऊंगा अम्मा? चक्की वोईच, पत्थर वोईच, जवारी तुम्हारीच. मैं क्या करूं?"

माय बडबडत परत आली. दादा हसून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्या दिवशी सगळेच हसले, मायसुद्धा. भाकरी तडकतच राहिली, आणि आम्ही उन्हाळाभर पिठाला शिव्या देत राहिलो. गफूरभाईंकडचं दळण बंद करून आम्ही पार अफझलगंजपर्यंत डबे नेऊन पाहिले. पीठ निर्दोष होतं हो. त्या बिचाऱ्या पिठाची मला आजही माफी मागावीशी वाटते.

एका दुपारी माय तव्यावरची भाकरी उलटत होती आणि काकू दारात उभ्या होत्या. मायची करंगळी तव्याच्या कडेला टेकली होती. टेकलीच राहिली. काकू म्हणाल्या, "अगं, बोट!" तेव्हा मायने खाली पाहिलं. बोटाला फोड आला होता आणि तिला कळलंच नव्हतं. काकूंच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला दिसला. त्यांनी मायचा हात दुरूनच निरखला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, हाताच्या पाठीवर, जिथे आपल्याला मांसाची गुबगुबीत उशी असते, तिथे खळगा पडला होता. काकू भाकऱ्या न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी दाळीचं पातेलं आलं नाही. चार घरं सोडून राहणाऱ्या बाईने मला थांबवून विचारलं, "तुझ्या आईला रक्तपिती झाली म्हणतात, खरं का?" महारोगाची बातमी गल्लीत आमच्या आधी पोचली होती.

दादा मायला कोठी भागातल्या एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते आता हयात नाहीत आणि मेलेल्या माणसाशी भांडण्यात मला रस नाही. पण त्या दिवसाबद्दल लिहिणार. मी सोबत होते, नुकताच मेडिकलला प्रवेश मिळाला होता आणि डॉक्टर म्हणजे मला तेव्हा देवमाणूस वाटे. मोठं टेबल, काचेखाली कुठल्याशा समारंभाचे फोटो. मायने हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि पेनाच्या टोकाने लांबूनच बोटांकडे खूण केली. "कधीपासून?" मग दादांना नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. आडनाव ऐकून मान हलवली. "तुमच्या लोकांत हे जास्त दिसतं. वस्तीत स्वच्छता नसते." दादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, इस्त्रीच्या शर्टात होते, आणि माय रोज पहाटे अंगण धुवायची. पण दादा म्हणाले, "हौ साहेब." महारोग, डॉक्टर म्हणाले. गोळ्या. भांडीकुंडी वेगळी. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि पुढचा पेशंट. त्या माणसाने माझ्या मायच्या हाताला हात लावला नाही. अंगावर चट्टा आहे का बघितलं नाही, नस दाबून पाहिली नाही, कोपराकडे तर नजरही गेली नाही. पेन मात्र आम्ही निघताना रुमालाने पुसलं. पेन तिला लागलंसुद्धा नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त झोंबलेलं आहे. दादांची एक गोष्ट आमच्या समाजात प्रसिद्ध होती. दर वर्षी जयंतीच्या मंडपात ती सांगावीच लागे. दादा सोळा-सतराचे असताना तालुक्याच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी वेगळी कपबशी असायची, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. आपणच घ्यायची, आपणच धुऊन ठेवायची. एक दिवस दादांनी त्यात चहा घेतला, पिऊन झाला आणि कप रस्त्यावर आपटून फोडला. मार खाल्ला, पण पुन्हा त्या हॉटेलाच्या कोनाड्यात वेगळा कप आला नाही. "माणसाला वेगळा कप देणं म्हणजे त्याला जिवंतपणी वेगळं पुरणं आहे," असं दादा शेवटी म्हणत, आणि टाळ्यांनी मंडप दणाणून जाई. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की कप फुटल्याचा आवाज मला माझीच आठवण वाटायचा.

तर डॉक्टरांकडून येताना दादांनी कोठीच्या बाजारातून एक नवा गिलास आणला. साधाच स्टीलचा. घरी आल्यावर तो मोरीजवळच्या खिडकीत ठेवला आणि मायकडे न बघता म्हणाले, "हा तुझा. ताटपण वेगळं ठेव, पोरी आहेत घरात." एवढं बोलून ते कपडे बदलायला गेले. मायने गिलासाकडे पाहिलं. भाकरी करणंही त्या दिवसापासून बंद झालं. दादा हॉटेलातून पोळ्या आणू लागले, नाहीतर मी आणि धाकटी बहीण भात लावत असू. संध्याकाळी परातीचा आवाज बंद झाल्यावर घरात एवढी शांतता असे की गाड्यांच्या शिट्ट्या फार मोठ्या वाटत. माय खिडकीतला गिलास घेई, पाणी पिई, धुई आणि परत खिडकीत पालथा घाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकले होते. तिचा अर्थ मला त्या खिडकीने शिकवला.

मी पुढे आयुष्यभर हातांचंच काम केलं. वाकलेली बोटं, सुकलेले तळवे, झोपलेल्या नसा. त्यात कुष्ठाचेही शेकडो हात मी माझ्या हातात घेतले आहेत. तो आजार गोळ्यांनी बरा होतो, गिलासातून पसरत नाही, आणि ज्याला होतो त्याचा त्यात काडीचा दोष नसतो. हे आज शाळेतलं पोरही सांगेल, असं मला वाटायचं. परवा एका शिकलेल्या सुनेने माझ्या दवाखान्यात सासूचा डबा वेगळ्या पिशवीतून काढला तेव्हा तो भ्रमही गेला. मी तिला बरंच काही बोलले. माझा मदतनीस नंतर म्हणाला, मॅडम, बीपी वाढेल. वाढू दे म्हटलं.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी आम्हाला हातापासूनच शिकवायला सुरुवात झाली. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मलिनचा वास डोळ्यांत जायचा, घरी आल्यावर केसांतून निघायचा नाही. हाताच्या पाठीवरची कातडी सोडवून आम्ही आत पोचलो, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला तो स्नायू समोर आला. चांगला पोसलेला, पिसासारख्या धाग्यांचा. तिथेच मायच्या हाताला खळगा होता. मी चिमटा खाली ठेवला आणि नुसती बघत राहिले. आमच्या झुबेदा मॅडम टेबलामागून आल्या. त्या आम्हाला शरीररचना शिकवायच्या, पांढरे केस, पदर कमरेला खोचलेला, पोरांवर दरारा असा की त्यांची चप्पल वाजली तरी कुजबुज थांबे.

"क्या देख रई विशाखा इत्ता?"

"मॅडम, यहां का मांस चला जाए तो क्या होता?"

"तो इस नस को देखना पड़ता," त्यांनी मनगटापासून वर कोपरापर्यंत बोट नेलं. "गर्दन से आती, कोहनी के पीछे से गुजरती, फिर हाथ में. किसका गया मांस?"

मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि सांगताना आजूबाजूच्या मुलांनी ऐकलं याची मला तेव्हा लाज वाटली. मॅडमनी विचारलं, "हाथ देख के बोले?" मी म्हटलं, दूर से. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. "अम्मी को कल ले आओ. हाथ देखे बगैर मैं कुछ नई बोलती."

माय यायला तयार नव्हती. "अजून एकानं लांबून बघावं म्हनून येऊ का?" असं म्हणाली. मी हट्ट केला. मॅडमच्या खोलीत ती दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसली, हात पदराखाली. मॅडम उठून तिच्याजवळ आल्या, दुसरं स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या, आणि पदराखालून तो हात काढून सरळ आपल्या मांडीवर घेतला. दोन्ही हातांनी धरला. मायने हात मागे ओढायचा प्रयत्न केला. "नको बाई, तुमाला लागंल," ती मराठीत म्हणाली. मॅडमना शब्द कळले नसतील, अर्थ कळला असावा. त्यांनी पकड सोडली नाही.

त्यांनी अंगावरची कातडी तपासली, कुठे फिकट चट्टा नाही ना ते पाहिलं. कापसाने एकेक बोट शिवून पाहिलं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक कागद दिला. "पकड़ के रखो अम्मा, छोड़ना नक्को." त्यांनी कागद ओढला तशी मायची चिमूट सैल झाली आणि अंगठ्याचं टोक वाकून केविलवाणी धडपड करू लागलं. मॅडम मान हलवत कोपरापर्यंत गेल्या. वाकड्या कोपरावर त्यांचा हात थांबला. मागच्या बाजूला हाडाच्या खोबणीत त्यांनी बोटाने हलकंच टिचकावलं आणि माय दचकली.

"बया! करंगळीपातुर करंट गेला."

"ये कोहनी कब टूटी थी?" मॅडमनी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा मी ती सगळी हकिगत ऐकली. माय सांगत होती, मी हिंदीत करून देत होते. ती लहान असताना लिंबोळ्या काढायला झाडावर चढली आणि पडली. कोपर सुजलं. माझे आजोबा तिला खांद्यावर घेऊन हाडं बसवणाऱ्याकडे गेले. तो गावातला नामी माणूस, शेजारच्या चार गावचे लोक येत. पण आमच्या लोकांना तो शिवत नसे. त्याने ओट्यावर बसून काठीने दाखवलं, इथं दाब, तिथं ओढ, बांबूच्या चिपा अशा लाव. आजोबा शेतमजूर, त्यांना हाडातलं काय कळणार? त्यांनी रडत रडत दाबलं, ओढलं, बांधलं. हाड जसं बसलं तसं बसलं. "बापाचा काय दोष नाही," माय म्हणाली, "त्यानं तर धरला व्हता हात."

मॅडमनी ते वाकडं कोपर पुन्हा एकदा चाचपलं. मग त्यांनी मला समजावलं, विद्यार्थिनीला समजावतात तसं. कोपर वाकडं जुळलं, त्यामुळे त्याच्या मागून जाणारी नस हात वाकवताना दर वेळी ताणली जात होती, वर्षानुवर्षं. शेवटी ती थकली. तिच्या जिवावर जगणारे हातातले बारके स्नायू सुकले. "वो बीमारी नई है. और होती भी, तो क्या? इलाज है उसका." मायला त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "गोलियां बंद. ऑपरेशन कराएंगे. नस को कोहनी के आगे ले लेंगे, फिर खिंचेगी नई." मी विचारलं, खळगा भरून येईल? मॅडमनी खरं सांगितलं. हाताचे बारके स्नायू फार काळ वाट बघत नाहीत, आणि बराच काळ आधीच गेला होता.

तो काळ कुणी घालवला, हे मी आजही स्वतःला विचारते आणि दर वेळी त्याच उत्तरावर येते. एकाने ओट्यावरून काठी दाखवली म्हणून हाड वाकडं बसलं. दुसऱ्याने खुर्चीवरून पेन दाखवलं म्हणून नस सुकत राहिली. दोघंही आपापल्या कामात हुशार होते. हात लावला असता तर दोघांनाही कळलं असतं. पिठाला दोष देत आमचा उन्हाळा गेला तो अडाणीपणा होता, तो मी सोडून देते. हे नाही सोडत.

त्या संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले. ते तसेच बाहेर गेले आणि जिलेबीचा पुडा घेऊन आले. मायला एक तुकडा दिला, आम्हाला दिला. मग खिडकीशी जाऊन त्यांनी तो गिलास उचलला आणि भंगाराच्या पिशवीकडे वळले. माय भिंतीला टेकून बसली होती.

"ठिवा तो."

"आता कशाला? तो रोग नाही म्हणतात नं."

"आन् असता तर?" माय म्हणाली.

दादा गिलास धरून उभे राहिले.

"असता तर ऱ्हायलाच असता नं खिडकीत? मी मरेपातुर?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. माय उठली, तिने त्यांच्या हातातून गिलास घेतला, वाकड्या बोटांनी नीट घासून धुतला, पाणी भरलं आणि दादांच्या पाटाशेजारी ठेवला. "बसा जेवायला," म्हणाली. दादा बसले. गिलासाकडे बघत बसले आणि मग पाणी प्याले.

ऑपरेशन झालं. करंगळीला स्पर्श पुन्हा कळू लागला, बोटं आणखी वळायची थांबली. खळगा भरला नाही. माय पुन्हा भाकरी थापू लागली, तडकलेल्या कडांची, बोटांच्या वळांची. शकुंतलाकाकू एक दिवस दाळीचं पातेलं घेऊन आल्या आणि दारात घुटमळल्या. मायने पातेलं घेतलं, रिकामं करून धुऊन परत दिलं. त्यात भाकरी घातली नाही. पुन्हा कधीच घातली नाही.

जयंती आली. मंडपात लोकांनी नेहमीप्रमाणे आग्रह धरला, कपाची गोष्ट सांगा. दादा उठले, माईक हातात घेतला. समोर बायकांच्या रांगेत माय बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, उजवा हात मांडीवर उघडा ठेवून. दादांनी तिच्याकडे पाहिलं. लोक टाळ्यांची तयारी करून बसले होते. "जयभीम," दादा म्हणाले आणि खाली बसले. ती गोष्ट त्यांनी नंतर कधीच सांगितली नाही.

घरी आल्यावर मायने ताट वाढलं. तडकलेली भाकरी, अंबाडीची भाजी, आणि ताटाशेजारी तो गिलास. दादा गेले त्या दिवसापर्यंत तो त्यांचाच होता.